मधल्या धारेवरची जोडी

या, जरा जवळ सरका. दाराशी बसून ही गोष्ट ऐकू यायची नाही. गोष्टच आवाजाची आहे, आणि मला आता मोठ्यानं बोलवत नाही. मी काही विद्वान नव्हे. चोवीस वर्षं जंगलखात्याची जीप चालवली आणि कुठे कुणी देवाचं गाऊन सांगत असेल तिथे जेवण विसरून बसलो, एवढीच माझी कमाई. पण एक गोष्ट माझ्या पदरात पडली आहे. लांडग्यांच्या दोन टोळ्यांच्या भांडणाची आहे, आणि एका बाईची आहे. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. ती उशिरा येईल. तोवर धीर धरा, मीही धरला होता.

आमच्या कचेरीत मागच्या बाजूला एक खोली होती. आधी तिथे फावडी आणि घमेली ठेवायचे. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, एक टेबल, एक खिडकी, तीही बंद. तिथे ताई बसायच्या. ताई म्हणजे लांडगे ऐकणाऱ्या बाई. त्यांचा हुद्दा चांगला दीड ओळीचा होता, पण सगळे ताईच म्हणायचे, त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा.

काम असं. जंगलात झाडांना रेकॉर्डरच्या पेट्या बांधलेल्या. दर सोमवारी मी जीप घेऊन फिरायचो, पेट्यांतली कार्डं काढायची, नवी घालायची, जुनी ताईंच्या टेबलावर ठेवायची. मग त्या कानाला हेडफोन लावून आठवडाभराचं जंगल ऐकायच्या. हेडफोनची गादी फाटली होती, तिला त्यांनी जुन्या दुपट्ट्याची पट्टी गुंडाळली होती. लांडग्याची हाळी आली की रजिस्टरात लिहायचं: कुठे, केव्हा, किती जण, नर की मादी. मधे माणसाचा आवाज आला तर तेवढा तुकडा पुसून टाकायचा. हा नियम होता. लाकूड तोडणारे येतात, फिरायला आलेले येतात, खाजगी बोलतात. आपण ऐकून ठेवायचं नाही.

मी एकदा विचारलं, "ताई, सगळे लांडगे सारखेच ओरडतात की."

"तुमच्या जीपचा आवाज तुम्हाला दहा जीपांत ओळखू येतो ना?"

"येणारच. तिचा सायलेन्सर फुटलाय."

"मग प्रत्येकाचा काही ना काही फुटलेला असतो," ताई म्हणाल्या.

आता मुलूख समजून घ्या, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. मधे डोंगराची एक लांब धार. धारेच्या पलीकडे नदी, तिकडची टोळी नऊ जणांची. तिला आम्ही नदीवाले म्हणायचो. अलीकडे ओढा, तिथे छोटी टोळी: एक नर, एक मादी, गेल्या वर्षीचा एक पोरगेला लांडगा आणि बिळात त्या वर्षीची पाच पिल्लं. हे ओढेवाले. त्यांच्या मादीचा एक कान मोडून खाली पडलेला, म्हणून ती वाकडकानी. लांडग्यांच्या मुलखाला कुंपण नसतं. झाडाच्या बुंध्याला मुतायचं, पंजांनी माती उकरायची आणि संध्याकाळी हाळी द्यायची, हेच कुंपण. हाळीचा अर्थ एवढाच, की इथे आम्ही आहोत, तुम्ही तिकडेच राहा.

आणि मधल्या धारेवर कोण? धारेवर होता एकटा.

एकटा हे ताईंनी ठेवलेलं नाव. रोज सूर्य टेकला की धारेवरून त्याची एक लांब, सरळ हाळी यायची. तिला उत्तर नाही. मग शांत. अकरा वर्षं नदीवाले धार ओलांडून अलीकडे आले नाहीत की ओढेवाले पलीकडे गेले नाहीत. धार एकट्याची होती आणि दोन्ही टोळ्यांना ती मान्य होती. त्या पट्ट्यात हरणं इतकी वाढली होती की जीपला वाट देत नसत.

पण तो आधीपासून एकटा नव्हता. ताई नोकरीला लागल्या त्या पहिल्या वर्षाचं रजिस्टर मी पाहिलंय. त्यात लिहिलं होतं, "मधली धार. जोडी. नर हाळी देतो, मादी खालच्या उतारावरून उत्तर देते." पाच महिने हेच. मग एका तारखेला, "मादीचं उत्तर नाही." दुसऱ्या दिवशी, "उत्तर नाही." अशा नऊ ओळी. दहाव्या दिवशी ताईंनी जोडी हा शब्द सोडून दिला आणि लिहिलं, "एकटा."

त्या दिवशी ताई डबा न उघडता घरी गेल्या होत्या. पुढे अकरा वर्षं त्यांनी त्याची हाळी ऐकली. आठवड्याची कार्डं आली की आधी धारेचं कार्ड लावायच्या. स्वतःच्या माणसाचं पत्र बाकीच्या टपालाआधी उघडावं, तसं. त्यांचं लग्न झालं नव्हतं. आई आणि त्या, दोघीच घरी. आई म्हणायची, "माझी लेक एका लांडग्यात अडकलीये, जावई बघायची सोय उरली नाही." हे ती थट्टेत म्हणायची. पण थट्टेत म्हटलेलं सगळंच हसण्यावारी नेता येत नाही.

एक गंमत होती. हा लांडगा दर दुसऱ्या बुधवारी गप्प असायचा.

"सुट्टी घेतो," मी म्हणायचो. "सरकारी लांडगा आहे. उद्या रजेचा अर्ज येईल बघा."

"लांब शिकारीला जात असेल," ताई म्हणायच्या.

"बुधवार बघून?"

"तुम्ही जीप बघा हो."

साहेबांनीही त्या नोंदींवर अकरा वर्षं सह्या केल्या. शिकलेली माणसं आम्ही, तीन-तीन डोकी. बुधवार पाळणारा लांडगा एकालाही खटकला नाही. काही आवाजांवर माया बसली की माणूस त्यांना प्रश्न विचारत नाही, त्यातलंच हे असावं.

मग एका सोमवारी मी कार्डं दिली आणि दुपारी ताई खोलीबाहेर आल्या. हेडफोन गळ्यातच.

"एकटा नाही."

"बुधवारचं कार्ड ऐकलं असेल."

"सातही दिवस नाही."

पुढच्या सोमवारीही नव्हता. तिसऱ्या सोमवारी धारेच्या कार्डावर आवाज होते, पण ते नदीवाल्यांचे. धारेवर, एकट्याच्या जागी, नऊ गळे. ताईंनी ते मला ऐकवले. मोकळी झालेली जागा नदीवाल्यांना कळली होती.

गुरुवारी आम्ही धारेवर गेलो तेव्हा भांडण होऊन गेलं होतं. ओढेवाल्यांचा नर चिंचोळ्या खिंडीत पडला होता. मान फाडलेली, मागचा एक पाय उलटा. खाल्लं काहीच नव्हतं. लांडगा लांडग्याला भुकेसाठी मारत नाही, मुलखासाठी मारतो. भोवतीची माती दहा-बारा हात उकरलेली, झुडपांवर केसांचे पुंजके. तो धारेवर आडवा आला होता, कारण मागे बिळात पिल्लं होती. एक जण नऊ जणांना किती आडवा येणार? पोरगेल्याचे माग ओढ्यापार पळत गेले होते, परतीचे नव्हते.

साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, "ताई, हा निसर्ग आहे. नोंद करा. आपण मधे पडायचं नसतं."

"धार एकट्यानं धरून ठेवली होती, साहेब. त्याचं काय झालं ते तरी बघू दे. नाहीतर नोंद तरी काय करू?"

"मेला असेल. अकरा वर्षं म्हणजे लांडग्याचं म्हातारपण झालं."

"मग त्याची हाडं बघू दे."

साहेबांनी जीपच्या चिठ्ठीवर सही केली.

बघा, ताईंना काय हवं होतं ते ध्यानात ठेवा. त्यांना एकटा हवा होता. जिवंत, नाहीतर त्याची हाडं. आणि वाकडकानी एकटीनं पाच पिल्लं घेऊन ओढ्याकाठी बसली होती. नदीवाले धार उतरून खाली आले की तिच्या बिळात काही राहणार नव्हतं. या दोन गोष्टी अजून वेगळ्या होत्या. पुढच्या सोमवारी त्या एक झाल्या.

आम्ही धार चढलो. शेवटच्या टोकाला वणव्यावर नजर ठेवायचा लोखंडी मनोरा होता. तो आग विझवणाऱ्या खात्याचा. त्यांचा रस्ता पलीकडून, आमचा अलीकडून, त्यामुळे दोन्ही खात्यांच्या माणसांनी कधी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. मनोऱ्याखाली उतारावर एक बैठं घर. अंगणात तिशीतली एक बाई बादली आपटून चादरी धूत होती. ताईंनी ओळख सांगितली आणि विचारलं, "इथे वर एक लांडगा ओरडायचा. रोज संध्याकाळी, सूर्य टेकताना. तुम्ही कधी पाहिलात?"

"इथे?" ती म्हणाली. "मनोऱ्याजवळ? लांडगा नाही बाई कुठला."

"रोज यायची हो त्याची हाळी. एकच, लांब. दर दुसऱ्या बुधवारी मात्र..."

बाईनं पिळलेली चादर तशीच हातात धरली. आधी तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि मग ती हसायलाच लागली. "दुसऱ्या बुधवारी सुट्टी. सामान आणायला जायचे ना गावात. अहो, लांडगा कसला, ते आमचे मामंजी!"

मी ताईंकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमत झाली नाही.

सासरे मनोऱ्यावर टेहळणीला होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्या मनोऱ्यावर जायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून तेच चालू होते. मुलगा दूरच्या कारखान्यात, सून इथे. महिन्यापूर्वी त्यांच्या घशातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला.

म्हातारे आत खुर्चीत बसले होते. उंच, वाळलेले, गळ्याला पांढरा रुमाल. मांडीवर शाळेतली पाटी. सुनेनं हसत हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी ताईंकडे नीट पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "किती वर्षं ऐकत होतात?"

"अकरा," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. "मला वाटलं कुणी ऐकत नाही."

ताई उठून खिडकीशी गेल्या. बाहेर चादरी फडफडत होत्या. थोड्या वेळानं परत आल्या आणि विचारलं, "रोज हाळी कशासाठी द्यायचात?"

पाटी छोटी होती, त्यामुळे उत्तर तुकड्यातुकड्यानं आलं. मनोऱ्यावरून घर लांब. बोललेले शब्द वाऱ्यात फुटतात, लांबवर पोचतो तो नुसता स्वर. म्हणून संध्याकाळी पाळी संपली की ते वरून एक लांब हाळी द्यायचे. तिचा अर्थ, निघालो. खालून बायको हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि तशीच हाळी द्यायची. तिचा अर्थ, ये. मग ते उतरायला लागायचे. तीस वर्षं.

"ती गेली," त्यांनी लिहिलं. "सवय गेली नाही."

ताईंनी त्या दोन ओळी वाचल्या. मग एकदम म्हणाल्या, "खालच्या उतारावरून. मादी खालच्या उतारावरून उत्तर देते." त्या माझ्याकडे वळल्या. "पहिल्या वर्षाचं रजिस्टर! ड्रायव्हरदादा, मी पुसलं नाही ते. माणूस वाटला असता तर पुसलं असतं. मी तिला लांडगीण लिहिलंय!"

म्हातारे खुर्चीतून अर्धे उठले. पाटी खाली पडली, तिचा एक कोपरा उडाला. त्यांना लिहायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी नुसता हात पुढे केला. लहान मूल मागतं तसा.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पहिल्या वर्षाची कार्डं असलेला पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन जीपमधे बसण्याचा हट्ट धरला. प्रत्येक खड्ड्याला त्या डबा उचलून धरत होत्या. मी त्या दिवशी जीप हाकली ती पाळण्यातलं मूल मागे झोपलं असावं तशी.

त्यांनी म्हाताऱ्यांना आपला पट्टीवाला हेडफोन लावला. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. आधी स्वतःचाच आवाज ऐकला तेव्हा त्यांचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. मग ते थांबले. आणि मग त्यांची हनुवटी हलली. उत्तर आलं होतं. तीस वर्षं ज्या क्षणी ते पहिलं पाऊल उचलत, त्या क्षणी त्यांच्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबला गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी ते सात वेळा ऐकलं. आठव्या वेळी पाटी घेतली. "आधी काय वाजतं?"

ताईंनी रजिस्टर पाहिलं. "मी लिहिलंय, दगड घसरल्याचा आवाज."

"दगड नाही," त्यांनी लिहिलं. "बादली." आणि मग ते पहिल्यांदा हसले, आवाजाशिवाय, खांदे हलवत.

आता भांडणाकडे येऊ, कारण लांडगे कुणाच्या डोळ्यांतलं पाणी वाळायची वाट बघत नाहीत.

मनोऱ्यावरून ओढ्याकाठचं बीळ दुर्बिणीतून स्वच्छ दिसायचं. वाकडकानीला म्हातारे वर्षानुवर्षं ओळखत होते. ते तिला धाकटी म्हणायचे. "मला वाटायचं मलाच हाक मारतात," सून म्हणाली. "कितीदा ओ देऊन वर बघितलंय. आणि हे आपले दुर्बिणीत!" नर गेल्यापासून धाकटी एकटीनं शिकार करत होती. दोन पिल्लं उपाशी गेली होती, तीन उरली होती. नदीवाले रोज थोडे थोडे खाली सरकत होते. आज खिंडीत, उद्या वडाच्या बुंध्याशी. मी स्वतः त्यांच्या ताज्या खुणा मोजल्या. बिळापासून शेवटची खूण सहाशे पावलांवर होती.

ताईंनी साहेबांना सांगून बॅटरीवर चालणारा कर्णा आणला आणि मनोऱ्यावर बांधला. एकट्याची हाळी पुन्हा धारेवर घुमवायची. साहेब म्हणाले, "आपण मधे पडायचं नसतं असं मी म्हणालो होतो." ताई म्हणाल्या, "आपण अकरा वर्षं मधेच होतो, साहेब. एक माणूस मधून उठला म्हणून हे झालं." साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला आणि परवानगी दिली.

दोन संध्याकाळी हाळी घुमवली. पहिल्या दिवशी नदीवाले थबकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ गळ्यांनी उत्तर दिलं आणि शंभर पावलं पुढे आले. आता त्यांनी धार पाहिली होती, ती रिकामी आहे हे त्यांना कळलं होतं. एका आवाजाला ते भिणार नव्हते.

"जोडी लागेल," ताई म्हणाल्या. "एकटा जागा सोडून पळतो. जोडी म्हणजे बीळ, बीळ म्हणजे पिल्लं, आणि पिल्लांसाठी जोडी मरेपर्यंत हटत नाही. हे त्यांना ठाऊक असतं. खालून उत्तर आलं पाहिजे."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. नाही. त्यांनी पाटीवर इतकं जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली. "ती मला हाक द्यायची. जंगलाला नाही."

अकरा वर्षांनी हातात आलेली एकच वस्तू, ती कर्ण्यातून डोंगरावर उधळायची? ताईंनी आग्रह केला नाही. त्यांनी कार्ड काढून कागदात गुंडाळलं आणि म्हाताऱ्यांच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तुमचं आहे."

तरीही मी आणि ताईंनी खाली अंगणात दुसरा कर्णा बांधून ठेवला. धुण्याच्या दगडावर. ताई म्हणाल्या, बांधून ठेवायला काही लागत नाही.

तिसरी संध्याकाळ. आम्ही तिघं मनोऱ्यावर, सून खाली. ऊन पिवळं होऊन लांब पडलं होतं. नदीवाले धारेवर आले. एकामागे एक, नऊ, पुढे त्यांचा काळपट म्होरक्या. आज ते थांबले नाहीत, ओढ्याच्या बाजूला उतरायला लागले. खाली धाकटी बिळातून बाहेर आली. तिनं एक पिल्लू तोंडात धरलं, वीस पावलं नेलं, ठेवलं, मागच्या दोघांकडे वळून पाहिलं. परत आली. तीन पिल्लांना तोंड एकच. तिनं दुसरं उचललं, पुन्हा ठेवलं. मग ती बिळाच्या तोंडाशी उभी राहिली, मान वर केली आणि हाळी दिली.

तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं. तिचा नर खिंडीत पडला होता. तरी ती थांबून राहिली, उभा कान धारेकडे वळवून. मग पुन्हा हाळी दिली आणि पुन्हा थांबली.

म्हाताऱ्यांनी दुर्बीण खाली केली. त्या थांबण्याची त्यांना ओळख होती. आमच्यात दुसऱ्या कुणाला ती तशी नव्हती.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि ताईंपुढे धरली. पाटी घ्यायलाही वेळ घालवला नाही.

मी त्या लोखंडी पायऱ्या कशा उतरलो ते देवाला ठाऊक. अंगणात जाऊन कार्ड लावलं, सुनेला म्हटलं, "वरचा आवाज थांबला की नऊ श्वास मोजायचे आणि हे बटण दाबायचं."

"माझे हात ओले आहेत!"

"ओलेच दाबा, बाई!"

वरून हाळी आली. निघालो. सुनेचे ओठ हलत होते, एक, दोन, तीन. मी माझ्या देवाचं नाव घेत होतो. तेही तिच्याच मोजणीत. नवाला तिनं बटण दाबलं. आधी बादली वाजली. मग ती आली.

काय सांगू तुम्हाला! बाईचा आवाज, भरदार, थोडा घोगरा, शेवटी वर वळणारा. गाणारा माणूस देवाला बोलावताना शेवटचा स्वर उचलून धरतो आणि सोडत नाही, तसा. त्यात विनवणी नव्हती, रडणं नव्हतं. स्वयंपाक झालाय, ये आता, एवढंच त्यात होतं. तो उतारावरून निघाला, धारेला लागला, ओढ्याकडे गेला.

वरून ताई ओरडल्या, "थांबले! थांबले!"

नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं. म्होरक्या एक पाय उचललेला तसाच थबकला. मागचे आठ दाटीनं उभे राहिले. त्यानं नाक वर केलं, एकदा मनोऱ्याकडे, एकदा घराकडे पाहिलं. दोन ठिकाणांहून दोन आवाज, आणि त्या दोघांचं आपसात जमलेलं. त्यानं माती उकरली, बुंध्यावर मूत टाकलं आणि वळला. नऊ जण आले तसे धार चढून पलीकडे उतरले.

पण मी त्यातलं काही पाहिलं नाही. मी दुसरंच पाहिलं.

लोखंडी पायऱ्या वाजल्या. म्हातारे उतरत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लांडगे मागे फिरले का, हे पाहायलाही ते थांबले नव्हते. उत्तर आलं होतं, म्हणून त्यांचे पाय निघाले होते. पायवाटेनं आले, फाटकाला न बघता हात घातला, अंगणात आले आणि धुण्याच्या दगडासमोर उभे राहिले. दगडावर कर्णा होता, शेजारी बादली. ते तिथे तसेच उभे. ऊन गेलं तरी उभे.

सुनेनं पदराला हात पुसले. ती हळूच म्हणाली, "मामंजी, चहा ठेवू?"

त्यांनी मान हलवली. ठेव.

त्यानंतर सोळा महिने रोज संध्याकाळी ते चाललं. वरचं बटण ते दाबायचे, खालचं सून. कधी तिला भांडी घासताना उशीर झाला की वरून कठड्यावर काठी आपटल्याचा आवाज यायचा. "आले, आले! सासूबाईंनासुद्धा कधी उशीर होत असेल की!" ती म्हणायची. तिनं सासूला पाहिलेलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या नव्हत्या. पण ती मला म्हणाली, "ड्रायव्हरदादा, त्यांच्या हाकेचं बटण रोज मी दाबते. म्हणजे माझी त्यांची रोजची भेटच की."

धाकटीची तीनही पिल्लं जगली. थंडी संपता संपता म्हातारे गेले, झोपेत. आठवडाभर सून दोन्ही बटणं दाबत होती. वर चढून एक, धावत खाली येऊन दुसरं. मग एका संध्याकाळी ती वर पोचायच्या आधीच धारेवरून हाळी आली. कोवळी, जरा फाटलेली. धाकटीची लेक धारेवर उभी होती, आणि ओढ्याकडून तिच्या आईनं उत्तर दिलं. मग आम्ही कर्णे सोडून आणले.

राहिलं ते रजिस्टर. चूक कळल्यावर ती दुरुस्त करायची आणि माणसाचा आवाज पुसायचा, हा नियम. ताईंनी पहिल्या वर्षाचं पान साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी बराच वेळ वाचलं. "जोडी," ते म्हणाले. "यात चूक काय आहे?" आणि रजिस्टर मिटलं. ताई अजून त्याच खोलीत बसतात. सोमवारी आधी धारेचं कार्ड लावतात. तिथे आता तीन लांडगे असतात, खरेखुरे, बुधवारीसुद्धा ओरडणारे. त्या ऐकतात, लिहितात. आणि सूर्य टेकायच्या वेळेला, अजूनही, हेडफोन कानाला जरा जास्त दाबून धरतात.

झाली गोष्ट. आता उठा, पण एक मागणं आहे. म्हाताऱ्यांची आठवण तुम्ही काढालच, ताईंचीही काढाल. मी मागतोय ती त्या खालच्या अंगणातल्या बाईची. तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तीस वर्षं तिनं हातातली बादली खाली ठेवून एका हाकेला ओ दिली, दुसरं काही केलं नाही. आज संध्याकाळी तुमच्या घरात कुणी कुणाला हाक मारेल, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी एक क्षण तिला आठवा. मग ओ द्या.